अंड्याच्या कवचास रंग कोठून येतो?



सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील कोणत्याही आठवडे बाजारांत, मग तो म्हसवडचा असो, विट्याचा असो कीं आटपाडीचा असो, अंडीं विकणाऱ्यांच्या रांगेपाशीं थोडा वेळ उभें राहिलें म्हणजे दोन तऱ्हेचा माल दृष्टीस पडतो. एकीकडे पुठ्ठ्याच्या ट्रेमध्यें तीस तीसच्या हिशेबानें मांडलेलीं, पांढरीं स्वच्छ, एकाच साच्यांतून काढल्यासारखीं पोल्ट्रीचीं अंडीं असतात. दुसरीकडे एखादी बाई टोपलींत भुसा पसरून त्यावर दहा-वीस गांवरान अंडीं ठेवून बसलेली असते. त्यांतील एक सायीच्या रंगाचें, दुसरें फिकट तांबूस, तिसरें चहांत दूध जास्त पडावें तशा वर्णाचें, तर चौथें जवळजवळ पांढरेंच. आकारानें तीं पोल्ट्रीच्या अंड्यांहून लहान. पण भाव विचाराल तर बहुधा दुपटीच्या घरांत. गिऱ्हाईक थोडी घासाघीस करतें आणि तो भाव देतें. आतां या जास्तीच्या पैशांत रंगाचा वांटा किती, आणि तो रंग अंड्यावर आला तरी कोठून, या दोन प्रश्नांचा आज विचार करावयाचा आहे.

याविषयीं लोकांच्या ज्या समजुती आहेत त्या प्रथम पाहूं. कोणी म्हणतात, कोंबडी ज्या रंगाची त्या रंगाचें अंडें. कोणी म्हणतात, उकिरडा उकरून किडे, दाणे, हिरवा पाला खाणाऱ्या कोंबडीचें अंडें तांबूस होतें आणि पिंजऱ्यांत बसून तयार खाद्य खाणारीचें पांढरें होतें. कोणी तो उन्हाचा परिणाम मानतात, कोणी मातीचा. यांतील एकही समजूत परीक्षेस उतरत नाहीं. लेगहॉर्न जातीच्या पांढऱ्या कोंबडीला तुम्हीं माणदेशांतील बाजरी घाला, कृष्णाकांठचा मका घाला किंवा दिवसभर रानांत मोकळी सोडा. ती पांढरेंच अंडें घालील. तिच्याच जातीची काळी किंवा तपकिरी पिसांची कोंबडी घेतलीत, तर तिचेंही अंडें पांढरेंच निघेल. खाण्याचा रंग कवचावर उतरत नाहीं. तो उतरतो तो आंतल्या पिवळ्या बलकावर. मका, हिरवा चारा, झेंडूच्या पाकळ्या यांतील पिवळें द्रव्य रक्तावाटे बलकांत जातें, आणि म्हणूनच मोकळ्या कोंबडीच्या अंड्याचा बलक गडद केशरी दिसतो. परंतु हें पोल्ट्रीवाल्यांनाही ठाऊक आहे. खाद्यांत झेंडूचा अर्क मिसळून बलक हवा तितका केशरी करतां येतो, व तसा तो करतातही. तेव्हां बलकाचा रंग कोंबडीच्या आहाराची साक्ष देतो, तिच्या स्वातंत्र्याची देतोच असें नाहीं. कवचाचा रंग मात्र आहाराविषयीं जवळजवळ कांहींच सांगत नाहीं.

मग तो ठरतो कशानें? त्यासाठीं अंडें कोंबडीच्या पोटांत कसें घडतें हें थोडें बारकाईनें पाहावें लागेल. अंडें घडण्यास सुमारें चोवीस ते सव्वीस तास लागतात. प्रथम अंडाशयांतून पिकलेला पिवळा बलक सुटतो आणि अंडवाहिनी नांवाच्या लांब, वळशावळशाच्या नळींत शिरतो. कोंबड्याचा संग झालेला असल्यास बीज फळण्याची क्रिया या प्रवेशद्वारापाशींच होते. न झाल्यासही अंडें पुढें घडत जातें. पुढच्या तीनएक तासांत त्याभोंवतीं पांढरा बलक जमतो. नंतर सुमारें तासा-सव्वातासांत दोन पातळ पापुद्रे चढतात. उकडलेलें अंडें सोलतांना जो कागदासारखा पापुद्रा हातास लागतो तोच हा. येथवर चारपांच तास झाले. उरलेले वीस तास अंडें एकाच ठिकाणीं, कवचग्रंथि म्हणतात त्या पिशवींत, पडून राहतें. तेथें त्यावर चुन्याचे कण बसत जातात आणि कवच तयार होतें.

हें काम किती मोठें आहे याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब सांगतों. एका कवचाचें वजन साधारण पांच-सहा ग्रॅम भरतें, आणि त्याचा बहुतेक भाग म्हणजे शुद्ध चुनखडी, अर्थात् शिंपल्यांतलें द्रव्य. वर्षाकांठीं तीनशें अंडीं घालणारी कोंबडी वर्षभरांत दीड किलोच्या वर कवच घडविते. म्हणजे स्वतःच्या वजनाएवढा दगडच ती निर्माण करते म्हणाना! खाद्यांतून मिळणारा चुना रात्रीं अपुरा पडला तर ती तो स्वतःच्या हाडांतून काढते. कोंबड्यांच्या खाद्यांत शिंपल्यांचा चुरा घालण्याची जी चाल आहे, तिचें कारण हेंच.

चुनखडी मूळची पांढरी. म्हणून कवचही मूळचें पांढरें. जगांतील कोणत्याही कोंबडीचें अंडें प्रथम पांढरेंच असतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. याला अपवाद एकच, आणि त्याकडे मी पुढें येणार आहें. तपकिरी अंडें घालणाऱ्या कोंबडीच्या कवचग्रंथींत, काम संपत आल्यावर, शेवटच्या कांहीं तासांत, तेथील पेशी एक तांबूस तपकिरी द्रव्य पाझरवूं लागतात. तें द्रव्य कवचाच्या वरच्या थरांत आणि त्यावरील अगदीं पातळ, मेणासारख्या लेपांत बसतें. नवें घर बांधून झाल्यावर चुन्याच्या भिंतीवर गेरूचा हात फिरवावा तसा हा प्रकार आहे. भिंतीच्या आंत गेरू नसतो. तसा तपकिरी कवचाच्या आंतही तो रंग नसतो.

हें पटत नसेल त्यानें घरींच प्रयोग करून पाहावा. तपकिरी अंडें फोडून कवचाचा तुकडा उलटा करा, आंतला पापुद्रा सोलून काढा. आंतली बाजू पांढरी किंवा फार तर किंचित् मळकट दिसेल. दुसरें अंडें व्हिनेगरमध्यें बुडवून ठेवा. थोड्याच वेळांत बुडबुडे येऊं लागतील, आणि बोटानें चोळतांच रंगाचा थर साबणाच्या मळीसारखा सुटून खालचें पांढरें कवच उघडें पडेल. मुलांस हा प्रयोग फार आवडतो, आणि अंडें वाया जाण्यापलीकडे त्यांत कसलाही धोका नाहीं.

आतां या रंगद्रव्याचें नांव सांगितलें पाहिजे, कारण त्या नांवामागें मोठी मौजेची गोष्ट आहे. इंग्लंडांत शेफील्ड येथें हेन्री क्लिफ्टन सॉर्बी नांवाचा एक हौशी शास्त्रज्ञ होऊन गेला. दगड आणि पोलाद सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची कला ज्यानें शिकविली तोच हा. १८७५ सालीं त्यानें नाना पक्ष्यांच्या अंड्यांचे रंग विरघळवून त्यांतून जाणारा प्रकाश वर्णपटावर तपासला आणि असें दाखविलें, कीं अंड्यांवर दिसणाऱ्या असंख्य छटांच्या मागें मूळ द्रव्यें अगदीं मोजकीं आहेत. पुढें १९२३ सालीं हान्स फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्याबरोबर त्यांतील तपकिरी द्रव्याची घटना उलगडली. तें निघालें प्रोटोपॉर्फिरिन. रक्तास लाल करणारें जें हीम द्रव्य, त्याचा हा सांगाडा होय. त्यांत लोहाचा एक अणु बसविला कीं हीम होतें. रक्ताच्या व पानांच्या रंगद्रव्यांवरील कामाबद्दल फिशर यांस १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणजे टोपलींतील अंड्याचा तांबूस रंग आणि आपल्या नखाखालीं दिसणारी लाली हीं सख्खीं भावंडें आहेत. एकांत लोखंड आहे, दुसऱ्यांत नाहीं, इतकाच काय तो भेद.

दुसरें मुख्य द्रव्य हिरवट निळें. त्याचें नांव बिलिव्हर्डिन. आपण त्यास पित्तहरित म्हणूं. हें तर रक्तांतील हीम मोडून झालेलें असतें. तुमच्यापैकीं प्रत्येकानें तें स्वतःच्या अंगावर पाहिलेलें आहे. कोठें मुका मार लागला म्हणजे कातडी प्रथम काळी-निळी होते आणि कांहीं दिवसांनीं त्या जागीं हिरवट झांक येते. ती झांक या पित्तहरिताची. ज्या द्रव्यानें आपल्या पोटरीवरचा मार हिरवा दिसतो, त्याच द्रव्यानें सातभाईचें अंडें आकाशासारखें निळें होतें! निसर्गाचा काटकसरी स्वभाव याहून चांगला क्वचितच दिसेल. चिमणीच्या अंड्यावरील ठिपक्यांपासून टिटवीच्या अंड्यावरील काळपट डागांपर्यंत, बहुतेक सर्व पक्ष्यांचें रंगकाम या दोन द्रव्यांवर चालतें.

कोंबडींत हीं द्रव्यें पाझरावयाचीं कीं नाहींत, आणि पाझरलीं तर किती, हें तिच्या आनुवंशिक बीजांनीं ठरतें. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, आणि त्याच्या मादीचें अंडें फिकट सायीच्या रंगाचें असतें. (आपल्या कोयना-चांदोलीच्या रानांत ओरडतो तो तांबडा नव्हे, करडा रानकोंबडा. त्याचाही पाळीव कोंबडींत अंश आहे. कोंबडीच्या कातडीचा व पायांचा पिवळेपणा मुख्यतः त्याच्याकडून आला, असें २००८ सालीं सिद्ध झालें.) त्या सायीच्या रंगापासून माणसानें निवड करून करून दोन टोकें गांठलीं. भूमध्य समुद्राच्या कांठच्या लोकांनीं पांढऱ्या अंड्यांच्या जाती पक्क्या केल्या; लेगहॉर्न ही इटलींतील लिव्होर्नो बंदराच्या नांवानें ओळखली जाणारी जात त्यांपैकींच. तपकिरी अंडें ही आशियाची देणगी. एकोणिसाव्या शतकांत चीनमधून कोचीन, लांगशान वगैरे थोराड कोंबड्या युरोप-अमेरिकेंत गेल्या, आणि त्यांच्या संकरांतून तिकडील तपकिरी अंड्यांच्या जाती तयार झाल्या. कोचीन कोंबडीचा आपल्या कोचीन बंदराशीं कांहीं संबंध नाहीं. ती आली चीनमधून, नांव मात्र चुकून कोचीन-चायनाचें चिकटलें. आपल्याकडे सरकारी योजनांतून ज्या ऱ्होड आयलंड रेड कोंबड्यांचा प्रसार झाला, त्यांच्या अंगांतही हें आशियाई रक्त आहे. विलायती म्हणून आपण जी घरीं आणली ती बरीचशी माहेरीं परत आलेली आहे.

तपकिरी रंग एका बीजावर अवलंबून नसून अनेक बीजांच्या बेरजेनें ठरतो. म्हणूनच त्यांत पायऱ्या दिसतात. सायीपासून फ्रान्समधील मारां जातीच्या, चॉकलेटासारख्या गडद अंड्यापर्यंत. आणि म्हणूनच आपल्या गांवरान कोंबड्यांचीं अंडीं एकसारखीं नसतात. गांवच्या कोंबड्यांची निवड कोणी रंगावर केलेली नाहीं. कोणाच्या तरी कोंबड्यानें कोणाच्या तरी तलंगेशीं संसार केला, मध्येंच कोठें सरकारी केंद्रांतून आणलेला गिरिराज मिसळला, आणि त्या सगळ्या सरमिसळीचा जमाखर्च टोपलींतील निरनिराळ्या छटांत उमटला.

जाणत्या बायका एक खूण सांगतात, कीं कोंबडीच्या कानाची पाळी पांढरी असली तर अंडें पांढरें, तांबडी असली तर तांबूस. ही खूण अगदींच पोकळ नाहीं. भूमध्य समुद्राकडच्या जातींत पांढरी पाळी आणि पांढरें अंडें हीं बहुधा जोडीनें सांपडतात, आणि आशियाई जातींत तांबडी पाळी व तपकिरी अंडें. परंतु हा त्या त्या कुळाचा योगायोग आहे, कार्यकारणभाव नव्हे. इंग्लंडांतील डॉर्किंगची पाळी तांबडी आणि अंडें पांढरें. स्पेनमधील पेनेदेसेंकाची पाळी पांढरी आणि अंडें गडद तपकिरी. आपल्या सरमिसळ झालेल्या गांवरान कोंबडीवर तर ही खूण लावूंच नये. पाळी एका घराण्याची आणि अंडें दुसऱ्या घराण्याचें, असें येथें पुष्कळदां असतें.

आतां तो मघांचा अपवाद. दक्षिण अमेरिकेंत चिली देशामध्यें मापुचे नांवाचे मूळचे रहिवासी निळीं अंडीं घालणाऱ्या कोंबड्या पाळीत. साल्व्हादोर कास्तेल्यो या स्पॅनिश कुक्कुटतज्ज्ञानें १९२१ सालीं हेग येथील जागतिक परिषदेंत त्यांची माहिती दिली, तेव्हां सर्वांस मोठें नवल वाटलें. १९३३ सालीं केंब्रिजचे पनेट यांनीं संकराचे प्रयोग करून दाखविलें, कीं हा निळेपणा एकाच प्रबल बीजानें येतो. आईबापांपैकीं एकाकडून मिळालें तरी पुरें. या अंड्याचें वैशिष्ट्य असें, कीं त्याचा रंग वरच्यावर नसतो. पित्तहरित चुन्याबरोबरच, कवच घडत असतांना, थराथरांत मुरत जातें. त्यामुळें कवच आंतूनही निळें निघतें. तपकिरी अंडें म्हणजे गेरूनें सारवलेली भिंत असें मी म्हटलें. निळें अंडें म्हणजे सांगलीच्या पेठेंतील हळकुंड. तें कोठेंही मोडा, आंत तोच रंग. आणि या निळ्या कवचावर जर तपकिरी घराण्याच्या कोंबडीचा गेरू चढला, तर अंडें हिरवें दिसतें. हिरव्या अंड्यास म्हणून निराळें द्रव्य लागत नाहीं. तें आंतून निळें आणि वरून तपकिरी असतें.

हें निळें बीज आलें कोठून, याचें उत्तर २०१३ सालीं मिळालें, आणि तें कोणाच्या कल्पनेंतही नव्हतें. कोंबडीच्या पूर्वजांस केव्हां तरी झालेल्या एका विषाणूचा अंश तिच्या वारशाच्या धाग्यांत शिरून कायमचा बसला होता. तो बसला नेमका अशा बीजाशेजारीं, कीं जें एरवीं यकृतांत पित्तद्रव्यें पेशींतून ने-आण करण्याचें काम पाहतें. या पाहुण्याच्या संगतीनें तें बीज कवचग्रंथींतही जागें झालें, आणि पित्तहरित कवचांत उतरूं लागलें. याहून नवल असें, कीं चीनमधील निळ्या अंड्यांच्या कोंबड्यांतही तोच विषाणू त्याच बीजाशेजारीं सांपडला. परंतु त्याची जागा किंचित् निराळी होती. म्हणजे हा अपघात पृथ्वीच्या दोन टोकांस दोनदां, एकमेकांवांचून घडला. आणि दोन्हीं ठिकाणीं माणसास तो रंग आवडला म्हणून त्यानें ती कोंबडी जपली.

आपल्या शेताच्या बांधावर मात्र निळीं अंडीं पाहण्यास चिलीला जावें लागत नाहीं. बाभळींत किंवा एखाद्या दाट झुडपांत सातभाईंचें घरटें असतें, आणि त्यांत सुंदर निळीं अंडीं असतात. पावसाळ्याच्या तोंडास चातक आणि पावशा यांच्या माद्या त्या घरट्यांत आपलीं अंडीं चोरून घालतात, आणि तींही निळींच! यजमानीणबाईंस संशय येऊं नये इतका रंग जुळलेला असतो. कावळ्याच्या घरट्यांत कोकिळा घालते तें अंडेंही हिरवट करड्या अंगावर तांबूस ठिपके, असें कावळ्याच्या वळणाचेंच असतें. येथें रंग म्हणजे प्रत्यक्ष खोट्या सहीसारखें काम करतो. टिटवी उघड्या माळावर खड्यांत अंडीं घालते, आणि तीं इतकीं खड्यांसारखीं दिसतात कीं पाय पडेपर्यंत कळत नाहींत. उलट कृष्णेच्या दरडींत बीळ करणारा खंड्या, झाडाच्या ढोलींतला पोपट, पडक्या वाड्यांतलें घुबड यांचीं अंडीं पांढरीं असतात. अंधारांत लपवावयाचें कोणापासून? तथापि हा नियम सरसकट लावूं नये. होला काटक्यांच्या उघड्या घरट्यांत पांढरींच अंडीं घालतो आणि त्याचें कुळ चांगलें वाढतें आहे. कांहीं पक्ष्यांत तांबूस ठिपके कवचाच्या पातळ जागीं बरोबर पडतात व त्या जागेस बळकटी देतात, असें इंग्लंडांतील निरीक्षणांत आढळलें. आणि रंगाची ही कला पक्ष्यांच्याही आधींची आहे. २०१८ सालीं येल विद्यापीठांतील संशोधकांस कित्येक डायनोसॉरांच्या अश्मीभूत कवचांत हींच दोन द्रव्यें मिळालीं.

आतां बाजाराकडे वळूं. तपकिरी आणि पांढरें अंडें यांत अन्न म्हणून कांहीं अंतर आहे काय? रंगामुळें मुळींच नाहीं. पन्नास ग्रॅमच्या अंड्यांत सुमारें सहा ग्रॅम प्रथिन असतें, मग कवच कसलेंही असो. चवींत जें अंतर जाणवतें तें ताजेपणाचें आणि आहाराचें. गांवरान अंडें महाग पडतें याचें खरें कारण निराळें आहे. गांवची कोंबडी वर्षांत साठ ते ऐंशीं अंडीं देते, मधून मधून खुडूक होते, पिलें काढते आणि तेवढे दिवस अंडीं बंद ठेवते. पोल्ट्रींतील कोंबडी तीनशेंवर जाते. डॉ. बी. व्ही. राव यांनीं १९७१ सालीं पुण्यास व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरूं केल्यापासून पांढऱ्या अंड्यांचा जो धंदा महाराष्ट्रांत वाढला तो या लेगहॉर्न वंशाच्या बळावर. साठांची किंमत तीनशांच्या दरानें कशी परवडेल? तेव्हां टोपलीवाल्या बाईस जास्त भाव द्यावा, तो न्याय्यच आहे. परंतु तो रंगास द्यावयाचा नव्हे.

आणि नेमकी येथेंच फसवणूक होते. एक तर, तपकिरी अंडीं घालणाऱ्या संकरित जाती पोल्ट्रींतही आहेत. त्या पिंजऱ्यांत राहतात, तयार खाद्य खातात, आणि त्यांचीं अंडीं कित्येकदां गांवरान म्हणून खपतात. तीं ओळखणें कठीण नाहीं. सर्वच्या सर्व अंडीं एकाच गडद छटेचीं, एकाच आकाराचीं आणि मोठीं असलीं, तर तीं गांवरान नव्हेत. गांवरान टोपलींत रंगाचा मेळ बसलेला कधींच नसतो. दुसरें असें, कीं पांढऱ्या अंड्यांस चहाच्या पाण्याचा रंग देऊन विकल्याच्याही तक्रारी निरनिराळ्या शहरांतून ऐकूं येतात. त्याचीही परीक्षा आहे. नोटा तपासण्याचा जो अतिनील किरणांचा लहान दिवा दुकानदार बाळगतात, तो अंधारांत खऱ्या तपकिरी अंड्यावर धरला असतां कवच तांबूस गुलाबी तेजानें उजळतें. हा गुण प्रोटोपॉर्फिरिनचा. चहाच्या रंगास तो नाहीं.

याहून मोठी हानि मात्र अंडें विकत घेणाराची नव्हे, कोंबडी विकत घेणाराची झाली. मध्यप्रदेशांतील झाबुआ भागांतील कडकनाथ ही कोंबडी पिसांपासून हाडांपर्यंत काळी. तेथील कडकनाथाच्या मांसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तिच्याविषयीं नाना वावड्या उठल्या. तिचें अंडेंही काळें असतें, त्यांत औषधी गुण असतात, आणि त्यास सोन्याचा भाव येतो, अशा तऱ्हेच्या. वाळवें तालुक्यांत इस्लामपुरास कडकनाथ पालनाची एक योजना निघाली. पक्षी आम्हांकडून घ्या, अंडीं व कोंबडे आम्हीच परत विकत घेऊं, असें तींत आश्वासन होतें. २०१९ सालीं ती कोसळली. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि इतर जिल्ह्यांतील हजारों शेतकऱ्यांचा पैसा बुडाला, पोलिसांत फिर्यादी झाल्या, आणि शेडमधील पक्ष्यांना खाद्य कोठून घालावें हा प्रश्न कित्येकांस पडला. वस्तुतः कडकनाथचें अंडें सायीच्या किंवा फिकट तपकिरी रंगाचें, आपल्या गांवरान अंड्यासारखेंच असतें. तिची कातडी काळी होते ती मेलॅनिन नांवाच्या द्रव्यानें. आपल्या केसांत असतें तेंच हें. कवचाच्या रंगाशीं त्याचा संबंध नाहीं. कातडी काळी म्हणून अंडें काळें होत नाहीं, आणि काळें नसलेल्या अंड्यास काळ्याचा भाव कोण देणार? ज्यांच्या गोठ्याशेजारीं ते पक्षी उभे होते त्यांनीं तीं फिकट अंडीं रोज गोळा केलीं. परंतु करारावर सह्या त्याआधींच झाल्या होत्या.

शेवटीं, ज्यांच्या घरीं तपकिरी अंड्यांच्या कोंबड्या आहेत त्यांच्यासाठीं एक उपयुक्त गोष्ट. कोंबडीचा वर्ण तिच्या घराण्याचा असला तरी त्याची छटा दिवसागणिक थोडी बदलते, आणि ती वाचतां येते. कोंबडीचें वय वाढतें तशीं अंडीं मोठीं होतात, पण रंग तेवढाच पाझरतो; तेव्हां तो मोठ्या पृष्ठावर पसरून फिका दिसतो. यांत काळजीचें कारण नाहीं. कोंबड्या घाबरल्या, रात्रीं मुंगूस किंवा कुत्रें शेडभोंवतीं फिरून गेलें, दाटी झाली, तर अंडें वेळेआधीं बाहेर पडतें व रंगाचा शेवटचा हात अपुरा राहतो. किंवा कोंबडी अंडें धरून ठेवते आणि रंगावर पुन्हां चुन्याची पूड बसून तें पांढरट, पीठ लावल्यासारखें होतें. निकार्बाझिन नांवाचें एक औषध रक्ती हगवणीच्या रोगावर वापरतात. तें चुकून अंड्यांवरील कोंबड्यांच्या खाद्यांत गेलें तर एकदोन दिवसांतच तपकिरी अंडीं पांढरीं पडूं लागतात, आणि तें खाद्य बंद केलें कीं रंग परत येतो. परंतु कळपांतील बऱ्याच कोंबड्यांचीं अंडीं एकदम फिकीं, पातळ कवचाचीं व वेडींवांकडीं होऊं लागलीं, आणि त्याबरोबर कोंबड्या घशांत घरघर करूं लागल्या, तर तो श्वासनलिकेच्या सांथीचा किंवा राणीखेतीचा, म्हणजेच मानमोडीचा, आरंभ असूं शकतो. या रोगांत कवचग्रंथीलाच इजा होते. अशा वेळीं आठ दिवस वाट पाहूं नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत जावें. सातारा जिल्ह्यांत शिरवळ येथें १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. जातांना चार-सहा ताजीं अंडीं आणि आजारी पक्षी बरोबर न्यावेत, आणि खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी फाडून टाकूं नये. वर्षाअखेर कोंबडी पिसें झाडते, अंडीं बंद करते, आणि महिना दोन महिन्यांनीं पुन्हां घालूं लागते. तिचें त्यानंतरचें पहिलें अंडें मागच्या महिन्यांतल्या अंड्याशेजारीं ठेवून पाहा. तें त्याहून गडद निघतें.